पुढच्या खोलीतला गहू

किशहार्श, ३ डिसेंबर

चि. पिरोश्काला बापाचे आशीर्वाद. जावयालाही, तिवादरला, सांग. इथे सगळं ठीक आहे, म्हणजे छप्पर गळत नाही आणि कोल्हा अजून आलेला नाही. थंडी आहे, पण ती डिसेंबरात असतेच. तुझा खोकला गेला का? तिवादरला म्हणावं गाडीची चाकं बदल, परवा मोठ्या रस्त्यावर एक गाडी शेतात उतरलेली होती. माणसाला काही झालं नाही म्हणतात, पण म्हणतात ते खरंच असतं असं नाही.

तू म्हणालीस पत्र कशाला, पोस्टात जाऊन फोन करा. फोनवर तू मला मध्येच तोडतेस. पत्रात तोडता येत नाही. माझं अक्षर वाईट आहे आणि शाळा मी अर्धवट सोडली, तरी एवढं मला कळतं.

तू पाठवलेलं रंगीत पुस्तक मिळालं. सेगेद शहरातलं ते म्हाताऱ्यांचं घर चांगलं दिसतं. चित्रातली सगळी माणसं हसताहेत. इतकी म्हातारी माणसं एकदम हसताना मी फक्त लग्नात पाहिली आहेत, आणि तिथे दारू असते. प्रत्येकाला बाल्कनी आहे असं लिहिलंय. बाल्कनीत कोंबडी चालते की नाही ते लिहिलेलं नाही. मी चष्मा लावून मागचं बारीक अक्षरसुद्धा वाचलं.

तू लिहितेस, ‘बाबा, आम्ही नाताळला येतोय. तुम्हाला एकट्याने झेपत नाही असं दिसलं तर तुम्हाला घेऊनच परत जाऊ. कोंबड्या त्याआधी कुणाला तरी देऊन टाका, नाहीतर सूप करा.’

सूप.

पिरोश्का, या कोंबड्या तुझ्या आईने उबवलेल्या आहेत. त्यातल्या थोरलीला ती हाक मारायची आणि ती यायची. मी हाक मारली की येत नाही, पण वळून बघते. तिचं सूप कर म्हणतेस.

मला एकट्याने झेपतं. कसं ते लिहितो, म्हणजे तुझी खात्री पटेल.

हिवाळ्यात कोंबडी का मरगळते, तर तिला हिरवं मिळत नाही. अंगण पांढरं होतं, ती नुसती मका खाते, जाड होते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. गेल्या नाताळनंतर तुझ्या आईच्या पद्धतीप्रमाणे मी संत लुत्साच्या दिवशी, तेरा डिसेंबरला, बशीत पेरलेला गहू कोंबड्यांना टाकला. तुला आठवत असेल, बशीतला गहू नाताळपर्यंत हिरवागार होतो, मध्ये मेणबत्ती लावून टेबलावर ठेवायचा, आणि सण झाला की खुराड्यात टाकायचा, वर्षभर अंडी मिळावी म्हणून. तर मी टाकला आणि त्यांचं भांडण बघत उभा राहिलो. एवढीशी बशी. थोरलीने बाकीच्यांच्या डोक्यावर पाय देऊन अर्धी खाल्ली. मला वाटलं, वर्षातून एकदाच का? आणि बशीच का?

म्हणून यंदा मी ट्रे घेतले. तुझी आई सणाचा पाव भाजायची ते पत्र्याचे. गहू रात्रभर भिजवतो, सकाळी निथळून पसरतो, ओल्या फडक्याने झाकतो. मोड आले की फडकं काढायचं. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडून तिरका करून ओतून टाकायचं, नाहीतर बुरशी धरते. पहिले दोन ट्रे बुरशीनेच गेले, ऊब फार दिली होती. आता जमलं. वीतभर उंच होतो, मुळं एकमेकांत अशी गुंततात की सगळा गालिचा उचलून नेता येतो. रोज एक ट्रे तयार असतो. बाहेर, डुकराच्या रिकाम्या गोठ्याला टेकून, शेणखतावर पालक पेरलाय, वर जुन्या खिडकीच्या काचा. बर्फ झाडून काच उचलली की खालून वाफ येते. आणि केलचे दांडे आहेतच, ती भाजी थंडीला भीत नाही.

ट्रे मी एका उबदार जागी ठेवतो. ती जागा चांगली आहे.

गावात हसतात. टपालवाली बोझी म्हणाली, ‘आंब्रुशकाका, माणसांना पालक मिळेना आणि तुम्ही कोंबड्यांना वाढता?’ मी म्हटलं, माणसांनी अंडी द्यावीत, त्यांनाही वाढतो.

पलीकडची रोझी मात्र हसली नाही. तिने ट्रेला हात लावून बघितला आणि म्हणाली, ‘दाटी फार केलीस, आंब्रुश. अर्धा गहू घे, तेवढंच गवत येईल.’ तसं करून पाहिलं, तेवढंच आलं. कुंपणावरून तिलाही एक गालिचा देतो. तिच्या पांढऱ्या कोंबड्या तर माझ्या पिवळ्यांपेक्षा अधाशी.

तर हे असं आहे. जेवतो वेळेवर. शेगडी झोपण्याआधी बघतो, मग उठून पुन्हा बघतो. काळजी करू नकोस, ती मी करतो.

तुझा बाप

*

किशहार्श, १५ डिसेंबर

चि. पिरोश्का,

आशीर्वाद. अक्षर आज जास्त वाकडं आहे कारण मी बाकावर आडवा होऊन लिहितोय. लुत्साचा दिवस नीट पार पडला. बर्फ चांगला पडला. पाय जरा मुरगळला आहे, सांगण्यासारखं नाही.

इतकंच लिहून पाकीट बंद करणार होतो. पण बोझी आत्ता येऊन गेली, आणि तिच्या तोंडावरूनच कळलं की तिने तुला पोस्टातून फोन केला. वर म्हणते, ‘काका, मी चांगल्यासाठीच केला.’ गावात जेवढं वाईट झालं ते सगळं कुणीतरी चांगल्यासाठीच केलेलं आहे. आता ती काय बोलली आणि तू काय ऐकलंस ते मला ठाऊक नाही, म्हणून सगळं मीच सांगतो.

पहिलं, पलंगाचं. हो, ट्रे पुढच्या खोलीत आहेत. तुझ्या आईच्या पलंगावर. उशांची ती चळत मी उतरवली आणि तुझ्या रुखवतातल्या गाद्या कपाटावर ठेवल्या, चादरीत बांधून, उंदीर लागणार नाहीत. फळ्यांवर ट्रे मांडले. आई गेल्यापासून ती खोली बंद होती. पाहुण्यांना बसवायची ती खोली, आणि कुणी येत नव्हतं. दक्षिणेची खिडकी तिथेच आहे. मी दार उघडलं तेव्हा आत इतका गार वास होता की मी शेगडी पेटवूनच बाहेर आलो. आता तिथे ओल्या गव्हाचा वास येतो. बोझी बाहेर सांगते, ‘आंब्रुशने बायकोच्या पलंगावर शेत केलंय.’ केलंय. आणि तुझ्या त्या पुस्तकाची पानं गुळगुळीत आहेत, पाणी मुरत नाही, ती मी ट्रेखाली घातली आहेत. फळ्या खराब होऊ नयेत म्हणून.

दुसरं, पायाचं.

लुत्साच्या सकाळी घरात पहिलं पाऊल पुरुषाचं पडावं लागतं. तू शहरात राहून विसरली असशील. बाई आधी आली तर कोंबड्या वर्षभर बसून राहतात, अंडी देत नाहीत. पूर्वी पोरं यायची, दारात पेंढ्यावर बसून कोंबड्यांसाठी गाणी म्हणायची. आता गावात पोरं नाहीत. कुणी पुरुष माझ्याकडे येईल असं मला वाटेना, आणि बोझी तर टपाल घेऊन येणारच. मला झोप लागेना. मग सुचलं. उजाडताच मी स्वतःच फाटकाबाहेर जायचं, फाटक लावायचं, आणि पाहुणा म्हणून आत यायचं. नियमात कुठे म्हटलंय की घरचा पुरुष चालत नाही?

बाहेर गेलो. फाटक लावलं. वळलो आणि घसरलो.

हसू नकोस. की हस, मला काय दिसतंय. पण पडल्यावर डावा पाय उचलेना. पाठीखाली बर्फ, वर आभाळ, आणि माझंच फाटक माझ्या तोंडासमोर बंद. मी हाका मारल्या नाहीत. मला वाटलं, हाक मारली तर बाईच येणार.

रोझीला माझ्या धुराड्यातून धूर दिसला नाही, म्हणून ती तिच्या कुंपणापाशी आली. आत आली नाही. तिलाही दिवस माहीत होता. तिकडूनच म्हणाली, ‘आंब्रुश, आत आहेस की बाहेर?’

‘बाहेर.’

‘बाहेर काय करतोस?’

‘पडलोय.’

‘मग ऊठ.’

‘येत नाही उठता.’

तिने कुंपणावरून मान पुढे काढली. मग विचारलं, ‘आज तुझ्याकडे कुणी येऊन गेलं का?’

‘नाही. तू येऊ नकोस, रोझी. कोंबड्या बसतील.’

‘कोंबड्यांच्या आधी तूच बसलायस की,’ ती म्हणाली, आणि गेली. मला वाटलं कुणाला तरी बोलवायला गेली. ती लाकडं ओढायची घसरगाडी घेऊन आली. त्या वयाच्या बाईने मला तिच्यावर कसं चढवलं ते मला सांगता येणार नाही, काखेत हात घालून, शिव्या देत, एवढंच आठवतं. आणि गाडी ओढायला पुढे होणार, तर मी फाटकाचा खांब धरला.

म्हटलं, ‘ओढू नकोस. ओढलंस तर तू आधी आत जाशील.’

‘मग?’

‘मागून ढकल.’

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता सोडूनच जाते. पण ती मागे गेली, फाटक माझ्या डोक्यावरून हात लांबवून उघडलं, आणि ढकललं. मी आडवा, डोकं पुढे, टोपी गेलेली, असा माझ्याच घरी पाहुणा म्हणून आलो. पिरोश्का, माझं डोकं आधी आत गेलं. हे मी शपथेवर सांगेन. बोझी तेवढ्यात रस्त्यावर पोचली होती. तिने फक्त रोझी आत शिरताना पाहिली आणि तेच गावभर सांगितलं.

पायाचं हाड मोडलेलं नाही. डॉक्टर येऊन गेला, पट्टी बांधली, टेकू नका म्हणाला. सूज आहे.

त्या दिवशी बायका काम करत नाहीत, म्हणून रोझी खुर्चीत बसून राहिली, मी बाकावर. दोघं नुसते बसलेलो. दुपारी मी म्हटलं, ट्रे सुकतील. ती म्हणाली, ‘आज मी कामाला हात लावणार नाही.’ मग थोड्या वेळाने उठली. ‘पाणी पाजणं हे काम नव्हे. तहानलेल्याला कुणीही पाजतं.’ आणि लुत्साची बशीसुद्धा तिनेच माझ्याकडून पेरून घेतली, माझ्या मांडीवर ठेवून, म्हणजे पेरणारा मी.

आता तू म्हणशील, बघा, एकट्याने झेपत नाही. मला ठाऊक आहे तू हे म्हणशील. मी सकाळपासून तुझ्या आवाजात ते ऐकतोय. पण घसरणं हे झेपण्यात धरत नाहीत. तिवादरही घसरतो, तो तर तरुण आहे.

येणार नाही मी. हे लिहून ठेवतो.

बाप

*

किशहार्श, २१ डिसेंबर

प्रिय पिरोश्का,

तुझं पत्र मिळालं. आशीर्वाद आहेतच, ते रागात परत घेत नाहीत.

तू लिहितेस, खोलीचं बुकिंग झालं आहे, दिवस ठरला आहे, आणि बोझीच्या सांगण्यावरून घरात ‘परिस्थिती बरी नाही’. मग परिस्थिती सांगतो. मागच्या पत्रात ती सांगायची राहिली. राहिली म्हणजे मी लिहिली नाही.

रोझी गेलेली नाही.

लुत्साच्या संध्याकाळी ती उठली, शाल घेतली, दारापर्यंत गेली, आणि म्हणाली, ‘शेगडी कोण बघणार?’ मी म्हटलं, मी. ‘कसा? एका पायावर?’ मी म्हटलं, लंगडत. ती परत येऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या कोंबड्या घेऊन आली, दोन पोत्यांत, आणि तिची उशी. पुढच्या खोलीत झोपते. ट्रे तिने खिडकीच्या फळीवर आणि पेट्यांवर हलवले, पलंग परत पलंग केला. तुझ्या गाद्या मात्र तिने घेतल्या नाहीत. म्हणाली, ‘त्या पिरोश्काच्या आहेत, ती आली की तिला लागतील.’ स्वतःची गोधडी पांघरते. पातळ आहे. मी दोनदा बोललो, ऐकत नाही. ओल्या गव्हाने खोलीत दमट होतं, तिच्या छातीला त्रास होईल का, याचीही मला काळजी लागून राहते.

आणखी एक. ही गोष्ट पायापासून सुरू झालेली नाही. पायाने ती फक्त फाटकाच्या आत ढकलली. तुझी आई गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी सात वाजता दिवा मालवायचो, कारण लावून तरी काय. यंदा गहू भिजवायला लागल्यापासून ती रोज संध्याकाळी कुंपणापाशी यायची, ‘आज किती उंच झाला’ विचारायला. कोंबड्यांसाठी एवढे ट्रे लागत नव्हते, पिरोश्का. चार पुरले असते.

आता गाव काय म्हणतं तेही ऐक, म्हणजे बोझीला फोनचा त्रास नको. गाव म्हणतं, बाई आधी आली, म्हणून आंब्रुशच्या कोंबड्या बसल्या. आणि खरंच, लुत्सापासून माझ्या एकाही कोंबडीने अंडं दिलेलं नाही. मी रोज खुराड्यात हात घालतो. दिवस लहान असला की त्या थांबतात, तुझी आई म्हणायची, पण हे गावाला कोण सांगणार. दुकानात मला कुणीतरी ऐकवलं, ‘काय आंब्रुश, अंडी गेली आणि बाई आली.’ मी काठी टेकत म्हटलं, हो. गेल्या हिवाळ्यात अंडी होती आणि बोलायला कुणी नव्हतं. तुम्ही कुठला हिवाळा घ्याल?

एवढं म्हणून जे घ्यायला गेलो होतो ते न घेताच बाहेर पडलो. मला असं बोलायची सवय नाही.

दोन दिवसांपूर्वी खुराड्यात अंडं मिळालं. गरम होतं. मी खिशात घालून लंगडत आलो, आणि दारातल्या उजेडात पाहिलं तर पांढरं. माझ्या पिवळ्या कोंबड्या तांबूस अंडी घालतात, जन्मापासून. पांढरं अंडं तिच्या कोंबड्यांचं. आणि त्या तर गोठ्यात आहेत, खुराड्यात जात नाहीत. म्हणजे कुणीतरी नेऊन ठेवलं. ती शेगडीपाशी खसखस वाटत होती, पाठमोरी, आणि वाटणं जरा जास्तच जोरात चाललं होतं.

मी म्हटलं, ‘रोझी, थोरलीने अंडं दिलं.’

‘दिलं का,’ ती म्हणाली. ‘द्यायलाच हवं. एवढं गवत खाते.’

आम्ही ते अर्धं अर्धं खाल्लं. बलक उन्हाळ्यासारखा पिवळाधमक होता, तो हिरव्या गव्हाचाच. माझंच गवत, तिची कोंबडी. पांढऱ्या-तांबड्याबद्दल मी काही बोललो नाही. या घरात इतक्या वर्षांत मला कुणी इतकं चांगलं फसवलेलं नाही.

तर तुझा प्रश्न. ‘बाबा, तुम्हाला एकट्याने झेपतं का, हो की नाही ते सांगा.’

नाही. एकट्याने झेपत नाही.

लिहिलं. आता तुला ते पत्रात दाखवता येईल. पण पिरोश्का, तुझ्या त्या घरात तरी मला काय मिळणार होतं? गरम खोली, वेळेवर जेवण, आणि रात्री उठलो तर कुणीतरी ‘काय झालं’ विचारणारं. गरम खोली आहे. जेवण आहे, काल घेवड्याचं सूप आणि भाजलेलं डुकराचं मांस होतं. आणि मी रात्री शेगडी बघायला उठतो, तेव्हा पुढच्या खोलीतून आवाज येतो, ‘बघितलीय मी, झोप.’ मी तरी बघतो. पण आता एकदाच.

ते बुकिंग मोड. तिथे बसवायला दुसरं कुणीतरी असेल, ज्याच्या धुराड्याकडे कुणी बघत नाही. त्याला ती खोली द्या, त्याला खरंच लागेल. मला नाही. मला ओढून नेलंत तर मी फाटकाचा खांब धरेन, आणि तो मी चांगला धरतो, रोझीला विचार.

लोक म्हणतात इल्काला, तुझ्या आईला, काय वाटेल. मी तिच्या कबरीवर जाऊन आलो, रोझीच्या घसरगाडीवर बसून, ढकलणारी रोझीच. मी तिथे काही बोललो नाही. एक ट्रेचा तुकडा ठेवून आलो, हिरवा, बर्फावर. आजूबाजूला सगळी सुकलेली फुलं होती. रोझी म्हणाली, ‘इल्काने दाट पेरू दिला नसता.’ हे खरं आहे.

नाताळला या. जरूर या. चार ताटं मांडलेली असतील. लुत्साची बशी टेबलावर आहे, आत्ताच बोटभर आली आहे, मेणबत्ती तू लाव, ते काम मुलीचं आहे. खसखस भरलेल्या पावाच्या गुंडाळ्या होत आहेत. गाद्या वाऱ्याला लावून ठेवल्या आहेत. पुलापाशी सावकाश चालवा, तिथे सावली असते आणि बर्फ दिसत नाही.

आणि एक. रोझी म्हणते, नाताळच्या सकाळीही पहिलं पाऊल पुरुषाचंच हवं, म्हणून तिवादर आधी उतरू दे, गावाला बोलायला जागा नको. मी तिचं सगळं ऐकतो, हे ऐकणार नाही. बोझी रस्त्यावर उभी असेलच. तिवादरला म्हणावं, गाडीतच बस जरा.

फाटक उघडं ठेवतो. तू आधी ये.

तुझा बाप आंब्रुश,
आणि रोझी. (ती म्हणते माझं नाव नको घालूस. घातलंय.)